मेंढपाळाची ओळ

ती मावशीला घेऊन दवाखान्यात आली होती आणि मावशीचा नंबर यायला वेळ होता. समोरच्या खोलीत एक तरुण फुप्फुसांच्या तपासणीसाठी नळीत फुंकत होता आणि तपासणाऱ्या बाई "अजून, अजून" म्हणत त्याला जोर करायला लावत होत्या. घामाघूम होऊन तो बाहेर आला आणि नेमका तिच्याच शेजारी टेकला.

"नापास," तो म्हणाला.

"फेरपरीक्षा असेल की."

"फारच आशावादी दिसता... जुनं दुखणं आहे का हे?"

ती हसली. तिला तो आवडला, आणि दवाखान्यात बसून कुणी आवडावं याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती सहा वादकांच्या संचात दुसरी क्लॅरिनेट वाजवायला रुजू झाली. पाहते तर पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर तोच. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "काकांना बोलू नका," तो पुटपुटला. काका म्हणजे बासून हे खर्जातलं लांबलचक फुंकवाद्य वाजवणारे संचाचे प्रमुख. दम तुटलेल्या वादकाला ते एक दिवसही ठेवून घेत नसत.

बसवायची होती ती रचना सगळी कुरणातली. पहाट, ओढा, परतणारी मेंढरं... आणि शेवटी मेंढपाळाची लांबच लांब ओळ, एकट्या पहिल्या क्लॅरिनेटची, एका दमात वाजवायची. तालमीत त्याचा श्वास मध्येच सरला. तिनं तोच सूर इतक्या अलगद उचलला, की त्यानं तो कधी सोडला ते कुणालाच कळलं नाही.

"चोरी करता तुम्ही," बाहेर पडताना तो म्हणाला.

"तक्रार करणार?"

"नाही... उद्याही करा."

रोज ती थोडं जास्त चोरू लागली. आधी शेवटचे दोन सूर, मग अर्धी ओळ. 'अहो-जाहो' कधीच गळून पडलं. बसथांब्यापर्यंतच्या पाच मिनिटांना अर्धा तास लागायचा. त्याला धाप लागायची हे एक कारण, पण ते एकच नव्हतं. ती प्रेमात पडली होती आणि भयंकर घाबरली होती.

कार्यक्रमात तो तिसऱ्याच सुराला थांबला. क्लॅरिनेट ओठांशी तशीच धरून बसून राहिला. अख्खी ओळ तिनं वाजवली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय दम आहे हो तुमचा," एक आजीबाई नंतर त्यालाच सांगून गेल्या.

रंगमंचामागच्या खोलीत तो धापा टाकत खुर्चीत टेकला होता, म्हणून त्याची क्लॅरिनेटही तीच पुसत होती.

"काकांना मी सकाळीच सगळं सांगितलं. आजचा एक दिवस मागून घेतला होता. उद्यापासून माझ्या खुर्चीवर तू."

"मला खुर्ची नकोय. तू हवायस."

"डॉक्टर म्हणतात, हिवाळा निघणं कठीण आहे."

तिनं पुसणं थांबवलं नाही. "मग त्याआधी लग्न करू."

"वेडी आहेस... पुढचं सगळं आयुष्य काय करशील?"

"ते माझं मी बघेन. तू फक्त हो म्हण. तेवढा दम आहे ना?"

तो हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ त्याची पाठ चोळत उभी राहिली. मग तो हो म्हणाला.