कुंपणाशी पहारा

हे कोणाला सांगायचं नव्हतं. पहाऱ्यावरचं घरात बोलायचं नाय, असं प्रफुल्लकाकाने बजावलं होतं.

काका सैन्यातून परत आला तो झोप हरवूनच. दिवस कलला की आमच्या चिकूच्या वाडीत कुंपणाशी जाऊन बसायचा. चिकू पडल्याचा आवाज झाला तरी जमिनीवर आडवा व्हायचा. बोईसरचे डॉक्टर म्हणाले, "ही अतिसतर्कता. लढाई संपल्याचं त्यांच्या मनाला कळलेलंच नाही." झोप लागली नाही तर इस्पितळात ठेवावं लागेल, असंही म्हणाले. काकू भांडी घासताना रडायची.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. वाऱ्यावर तारापूरच्या कारखान्यांचा उग्र वास होता.

"काका, घरात चल ना."

"बदलीचा माणूस आल्याबिगर पोस्ट सोडता येत नाय."

"कोण येणार?"

"खंडेराव. माज्याच बदलीला येत होता... वाटेत गोळी लागली."

"मग आता कसा येईल?"

काकाची नजर झाडांत.

मला राहवलं नाही. मी ताठ उभी राहिले. "बदलीवर मी आले."

"तू, स्वरा? पालीला घाबरतेस तू!" किती दिवसांनी तो हसला. मग हसू विझलं. हातातली काठी त्याने माझ्याकडे दिली आणि सरळ घरात गेला.

त्या रात्री काका घोरला. काकू उशाशी बसून ऐकत राहिली.

तेव्हापासून शिकवणीला जाते सांगून मी रोज कुंपणाशी बसते. काका झोपतो. डॉक्टरांनी इस्पितळाचं नाव काढणं सोडलंय.

आज मघाशी वाळक्या पानांवर बूट वाजले. दिसलं कोणीच नाही. ओल्या लोकरीचा वास आला, आणि एक दमलेला, समजूतदार आवाज.

"उशीर झाला... प्रफुल्ल कुठाय? त्याला न्यायला आलोय."

घरातून काकाचं घोरणं मला ऐकू येत होतं.

"तो इथे नाही," मी म्हटलं. "पोस्टवर मी आहे."

मग माझ्या कानापाशी कोणीतरी श्वास सोडला. बूट परत गेल्याचा आवाज मात्र आला नाही.

आत्ताही इथेच बसून लिहितेय, उजेड आहे तोवर. उठले तर तो घराकडे जाईल. माझं नाव मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, कारण एकदा का त्याला नाव

"स्वरा... चल."