नळीवरचं नाव

दुपारचा चहा आटोपून डॉक्टरीणबाई प्रयोगशाळेत परतल्या, तेव्हा वॉर्डातून आलेल्या रक्ताच्या नळ्या टेबलावर मांडून ठेवलेल्या होत्या. रोजचंच काम. करोनाच्या त्या दिवसांत अतिदक्षता विभागातली खाट कोणाला द्यायची, हे या नळ्या ठरवत. पेशंट वरून हसतबोलत असायचा. पण रक्तात सुजेची आणि गुठळ्यांची खूण वाढलेली दिसली, की याचा श्वास आता अडकणार, हे बाईंना आधीच कळायचं. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. दुसऱ्यांच्या अकलेबद्दलचं त्यांचं मतही सहसा बदलत नसे. सारं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे 'करवत' म्हणे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

त्या दिवशी सगळ्यात वाईट रक्त निघालं ते हॉस्पिटलच्या विश्वस्तांच्या मेहुण्याचं. हा मेहुणा म्हणजे एक नमुना होता. थोडा खोकला आणि कणकण घेऊन आला आणि आल्यापासून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतला. उशी टोचते, सिस्टर हळू चालतात, शेजारची बाई रात्रभर कण्हते. अतिदक्षता विभागात एकच खाट उरली होती, ती आपल्यालाच मिळावी म्हणून तो भाओजींना फोनवर फोन लावी. रिपोर्ट वर गेला आणि खाट त्याला मिळालीही.

बाईंना मात्र काहीतरी खटकत राहिलं. कालपर्यंत या खात्यापित्या गड्याचं हिमोग्लोबिन भरपूर होतं, आज एकदम निम्म्यावर कसं? इतकं फिकं रक्त वॉर्डात एकाच पेशंटचं होतं. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मावशींचं. बाईंनी सिस्टरला फोन लावला. सिस्टर चाचरत म्हणाल्या की मी कोणाचातरी ऑक्सिजन बघायला गेले, तेव्हा नळ्यांचा ट्रे त्या दोन खाटांच्या मध्येच राहिला होता. नावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करायला तेवढा वेळ पुरेसा होता.

बाई किट चढवून वर अतिदक्षता विभागात गेल्या. त्या पांढऱ्या पोशाखात कोण कोण आहे ते कळत नसे. डोळ्यांपुढची काच श्वासाच्या वाफेने धुरकट होई, म्हणून सगळे छातीवर नाव लिहून फिरत.

मेहुणा उशीला टेकून फोन बघत बसला होता.

"तुम्ही दुसऱ्याचं मरण स्वतःच्या नावावर करून घेतलंत," बाई म्हणाल्या. "एवढा हावरट माणूस मी अजून पाहिला नव्हता."

तो नुसता हसला. खाट मिळाली, विषय संपला, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "पण हे डॉक्टर कोण आहेत? मघापासून पायाशी उभे आहेत... बोलत नाहीत."

बाईंनी वळून पाहिलं. किट घातलेलं कोणीतरी उभं होतं. छातीवर नाव नव्हतं. आणखी एक बिनडोक शिकाऊ, असं मनाशी म्हणत बाईंनी त्याला नाव न लिहिता फिरण्याबद्दल फैलावर घेतलं. तो हलला नाही. मग बाई खाली वॉर्डात मावशींकडे निघाल्या. जिन्यात आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की त्याच्या काचेवर वाफ नव्हती. काच नुकतीच पुसल्यासारखी लख्ख होती, आणि आतलं काही दिसल्याचं त्यांना आठवेना.

असल्या विचाराबद्दल त्यांना स्वतःचीच चीड आली.

मावशी खाटेवर उठून बसल्या होत्या. बाईंनी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ते न बोलणारे डॉक्टर सकाळपासून माझ्या पायाशी होते. मग त्यांनी ट्रेमधली नळी उचलली. नाव वाचलं... आणि शेजारी गेले. तेव्हापासून माझी छाती हलकी झाली बघा."

बाईंनी दोघांचं रक्त स्वतःच्या हाताने पुन्हा काढलं, चिठ्ठ्या स्वतः लावल्या आणि यंत्रासमोरून हलल्या नाहीत. मावशींचं रक्त तसंच फिकं होतं, पण धोक्याची एकही खूण उरली नव्हती. मेहुण्याचं हिमोग्लोबिन त्याचंच, भरपूर. रक्त त्याचंच होतं, यात शंका नव्हती. आणि बाकीचे सगळे आकडे मावशींच्या आधीच्या रक्तातले होते.

संध्याकाळपर्यंत त्याला श्वास लागला. बाई वर गेल्या तेव्हा त्याने त्यांची बाही धरली. "ती चिठ्ठी काढा... माझं नाव काढा..." तेवढंच बोलता आलं. उपचारांत कोणी कसूर केली नाही, तरी तो गेला. मावशी बऱ्या होऊन पायी घरी गेल्या.

विश्वस्तांनी सगळा दोष सिस्टरच्या माथी मारला आणि तिला घरी बसवलं. बाई त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना तोंडावर काय वाटेल ते बोलल्या. विश्वस्त फोनवरून नजरही न काढता म्हणाले, तुमच्या जागेसाठी बरेच अर्ज पडलेत.

संतापाने धुमसत बाई प्रयोगशाळेत आल्या, तर टेबलाशी तो उभा. लख्ख काच. त्याने एक नळी पुढे ठेवली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"कोणाचं आहे हे?" बाईंनी विचारलं.

त्याने कोरी चिठ्ठी आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. मग वाट बघत राहिला.

बाईंना समजायला वेळ लागला नाही. नाव तर जिभेवरच होतं. त्यांनी पेन उचललं. पहिलं अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं... आणि तो जरासा पुढे वाकला, भूक लागलेला माणूस ताटावर वाकतो तसा. बाईंनी चिठ्ठी चुरगाळली, फाडली. मान वर केली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

साथ ओसरली. सिस्टरला परत घ्यावं लागलं. विश्वस्त अजून ठणठणीत आहेत आणि तसेच आहेत. ती नळी बाईंना फेकवत नाही. कोणावर उलटेल, कोण सांगणार? फ्रिजच्या पार मागच्या कोपऱ्यात त्यांनी ती ठेवली आहे. आजूबाजूला बर्फ साचतो. कधीतरी बाई हात घालून ती चाचपतात. रक्त अजून गोठलेलं नाही, आणि नळी नुकतीच भरल्यासारखी कोमट लागते.