सध्याची वस्ती : निरंक

मी सांगतोय ते घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पस्तीस वर्षं नगरपरिषदेत कारकुनी केली. कागदावर खोटं कसं लिहितात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही.

तुमच्या भुतांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते.

माझं भूत ऑफिसच्या वेळेत आलं.

१९९१ चा मे महिना. परभणी जिल्हा. गावाचं नाव सांगणार नाही, सोनपेठच्या वाटेवर आहे एवढं पुरे. दुपारचे साडेबारा वाजले होते.

स्टँडमागचं आमचं शॉपिंग सेंटर अकराच वर्षांत गळायला लागलं होतं. ते पाडून खाली दुकानं आणि वर कर्मचाऱ्यांना राहायला क्वार्टर बांधायचं ठरलं. वरून पत्र आलं, आधी तीन पर्याय तपासा. पाणी, सांडपाणी, झाडं, वस्ती, कशावर काय परिणाम होईल त्याचा तक्ता पाठवा.

तो तक्ता माझ्या टेबलावर आला.

पहिला पर्याय, मागचा मोकळा तुकडाही धरून चोवीस क्वार्टर. त्यासाठी तिथला कडुलिंब तोडायचा, आड बुजवायचा, सांडपाणी ओढ्यात सोडायचं. दुसरा, मागचा तुकडा तसाच ठेवून सोळा क्वार्टर. लिंब राहतो, आड राहतो, पावसाचं पाणी मुरतं. तिसरा पर्याय म्हणजे नुसती डागडुजी. खरं सांगू? कागदावर सोळा क्वार्टरचाच पर्याय बसत होता. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

शिपाई आश्रुबाला घेऊन पाहणीला गेलो. तो नऊ नंबरच्या गाळ्यापाशीच थांबला.

"तुमी जा, सायेब. मी हितंच हाय."

"का रे?"

"ऊन लय हाय."

सावली तर मागं लिंबाखाली होती. हा शहाणा उन्हात उभा!

मी मागं गेलो. लिंब चांगला डेरेदार होता. पण त्यावर एकही पाखरू नव्हतं.

तक्त्यातला शेवटचा रकाना होता, 'सध्याची वस्ती'. मी लिहिलं, निरंक. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीच नाही.

आणि...

थप... थप... थप...

कोणीतरी भाकरी थापत होतं. अगदी जवळ.

मी मान वर केली. आवाज बंद. समोर नुसती माती आणि आड. घर नाही, चूल नाही, माणूस नाही.

परत कागदाकडे पाहिलं.

थप... थप...

मग धुराचा वास आला. घशाला झोंबणारा. पण धूर कुठंच नव्हता.

कसाबसा पुढं आलो. आश्रुबानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ऐकलं नव्हं? रोज याच टायमाला. भाकरी थापायलीय, थापायलीय... तव्यावर काय टाकीत न्हाई."

कोण ते मला ठाऊक होतं.

१९७८ चा ऑगस्ट. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला होता. त्या तुकड्यावर बौद्धांची नऊ घरं होती. भर दुपारी जाळली. जाळणारे परके नव्हते, त्यातल्या दोघांशी मी रोज चहा पीत होतो. पंचनामा लिहायला मला नेलं, तेव्हा आग अजून विझली नव्हती. नववं घर बायनाबाईचं. कंबरेतून गेलेली म्हातारी, बसल्या जागी भाकरी करायची. तिची लेक सत्यशीला ओरडत होती, "माय आत हाय! मला सोडा!"

राखेत काही सापडलं नाही. खरं तर कोणी नीट शोधलंच नाही.

"जीवितहानी निरंक, लिहा," मला सांगितलं गेलं.

मी लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणायचे. ती माणसं गाव सोडून गेली, आणि दोन वर्षांत त्या तुकड्याला लागून पुढं शॉपिंग सेंटर उभं राहिलं.

पाहणीनंतर चौथ्या दिवशी सत्यशीला ऑफिसात आली. आता ती परभणीला शाळेत शिकवत होती. हरकतींची नोटीस तिनं पेपरात वाचली होती.

"मला क्वार्टर नको, साहेब. तेवढा तुकडा मोकळा ठेवा. आन् तिथं माझी माय ऱ्हात होती, तिथंच गेली, एवढं एका वळीत लिवा. तेरा वर्षं झाली, ती कुठल्याच कागदात मेलेली न्हाई."

"लिहितो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या पर्यायाची शिफारस केली. वस्तीच्या रकान्यात लिहिलं, 'पूर्वी नऊ घरं. बायनाबाई येथेच मयत.'

मुख्याधिकारी साहेबांनी वाचलं. चष्मा काढला.

"व्यंकटराव, पूर्वीचं तुमाला कुणी इचारलंय का? आठ क्वार्टर कमी होतेत. रिटायर व्हायला किती ऱ्हायलं तुमचं?"

"चार वर्षं."

"मग निरंक करा की."

मी ती ओळ खोडली. वर निरंक लिहिलं.

थप...

भर कचेरीत... माझ्या टेबलाखालून.

साहेबांनी नाक वर केलं. "कुणाची भाकर करपायली हो?"

मी फाईल बंद करून त्यांच्यापुढं सरकवली.

पहिला पर्याय मंजूर झाला. लिंब तोडला, आड बुजवला. सत्यशीला एकदा स्टँडवर दिसली. मला पाहिलं आणि तोंड फिरवून ती एसटीत चढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्र्याण्णवमध्ये क्वार्टर झाले. ज्येष्ठतेनं मलाही एक मिळाला. नंबर नऊ. बदलून मागितला, मिळाला नाही.

पहिल्याच दुपारी माझी बायको नर्मदाबाई म्हणाली, "खालची बाई कवाची भाकरी थापायलीय हो."

खाली कापडाचं दुकान होतं. तिथं बाई नव्हती.

महिनाभरात ती जिंतूरला लेकाकडे गेली, परत आली नाही. मीही जाऊन पाहिलं. आवाज माझ्यामागं तिथंही आला... नातू घाबरून रडायला लागला. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परतलो.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच आठवड्यात घरनोंदीचं रजिस्टर माझ्यासमोर आलं. क्वार्टर नऊ. राहणारे...

निरंक.

अक्षर माझंच होतं. सुरेख. पण मी ते लिहिलेलं नव्हतं. खोडून माझं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरंक. तीनदा केलं, मग नाद सोडला.

रिटायर झालो तरी क्वार्टर खाली करा म्हणून नोटीस आली नाही; कागदावर तिथं कोणी राहतच नाही. आज मी इथं एकटाच आहे. हे लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी. बायनाबाई त्या घरात होत्या. त्या जळून मेल्या. मला ते तेव्हाच ठाऊक होतं. घ्या, लिहिलं.

साडेबारा वाजलेत. वाटलं होतं, लिहिल्यावर आवाज थांबेल.

थप... थप...

थांबला नाही. ज्या कागदावर लिहायला हवं होतं, तो तेव्हा माझ्या हातात होता.