जंतूला काय लागतं

अठ्ठ्याण्णव सालच्या नवरात्रात टेंभी नाक्यावर एवढी रोषणाई झाली, की मागच्या गल्लीतली वीजच गेली. सगुणा शालीत गुंडाळलेला काचेचा चंबू छातीशी धरून जिना उतरली आणि खालच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभी राहिली. तिथे जनरेटर चालू होता.

"थोडी जागा मिळेल? यातल्या जंतूंना ऊब लागते..."

क्लास चालवणाऱ्या श्रीपादने चंबूकडे पाहिलं, मग तिच्याकडे— जरा जास्तच वेळ. एक कॉम्प्युटर बंद करून त्याने तिची उबवणीची पेटी वरून आणली आणि जोडून दिली.

सगुणा कल्याणजवळच्या मोहन्याची, आगऱ्यांची पोर. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती जंतूंमधली जनुकं एकेक करून काढायची. कशाकशावाचून जीव तगतो, ते बघायला. पुढे कधीतरी गरजेपुरत्याच जनुकांचा साधासा जंतू जुळवायचा, हे तिच्या सरांचं स्वप्न. त्यात वर्षं चालली होती.

श्रीपाद रोज संध्याकाळी चहा घेऊन वर येऊ लागला. दोन जंतूंची जनुकं ताडून पाहणारा प्रोग्रामही त्याने लिहून दिला. तो थट्टा करायचा, ती पेंगुळलेलं हसायची. दोघंही दमलेली, पण सोबतीने दमणं बरं वाटायचं.

थंडीत एका संध्याकाळी तो आला, तर ती टेबलावर डोकं टेकून बसलेली. दोन जनुकं होती. कुठलंही एक काढलं तर जंतू तगायचे. दोन्ही काढली आणि सगळे मेले. एकाचं काम दुसरं निभावत होतं, ते आत्ता कळलं. एकेक काढून केलेली बिनगरजेच्या जनुकांची यादीच चुकीची ठरली, वर्षाची मेहनत पाण्यात. आता सोडते, ती म्हणाली. घरचे स्थळं बघून थकलेत, होकार देऊन टाकते.

श्रीपादने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"तुम्ही गेलात तरी मी जगेन," तो हळूच म्हणाला. "खोटं कशाला सांगू? क्लास चालेल, चहाही पिईन. पण... मला तसं जगायचं नाही."

तिने डोकं उचललं. "आणि हे काम?"

"ते आधी झोप काढून मग ठरवा."

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. "रविवारी मोहन्याला या," ती म्हणाली. "बाबा जात नंतर विचारतील. आधी विचारतील, मासे खाता का."

श्रीपादच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे.

"शिकेन," तो म्हणाला.

तिने दिवा मालवला, पिशवी उचलली. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून जंतू लावायचे, असं काहीतरी पुटपुटली. मग कुलूप लावता लावता, त्याच्याकडे न बघताच म्हणाली,

"बोंबलापासून सुरुवात कर. काटे मऊ असतात."