बाबांच्या दाखल्यातला श्वास

बसा देवीदासभाऊ, पण हळू बोला. बाबा खुर्चीतच झोपलेत.

मी डबा विसरले होते, तो द्यायला ते दुपारी आले. बाकी सगळे जेवायला गेले होते. काल आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला ना, त्यात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांच्या फाइलींना नुसती नावं उरली. नावामागची .jpg, .txt असली शेपटं उडाली, त्यामुळे कुठली फाइल चित्र आणि कुठली मजकूर ते कळेना. म्हणून मी कॉम्प्युटरला एक कमांड दिली. ती नावावर जात नाही, फाइलच्या आत डोकावून प्रकार सांगते.

चित्र, चित्र, चित्र. बाबांच्या नावापुढे, 'मारोती गजभिये'पुढे, मात्र आलं, ऑडिओ.

बाबा हसले. "माह्या दाखल्याले कंठ फुटला का वं पोरी? वाजव ना!"

मीच वाजवलं, भाऊ. माझ्या हातानं. आत फक्त श्वास होता, बाबांचा, बिडीनं खरवडलेला. शेजारी बाबा श्वास घेत होते आणि दोन्ही एकाच वेळी आत जात होते, एकाच वेळी बाहेर.

मी ते थांबवलं, तसा बाबांच्या हातातला चहा मांडीवर सांडला. डोळे उघडे, छाती हलेना... धडपडत पुन्हा सुरू केलं, तेव्हा हलली.

"काहून रडून राहिली?" बाबा म्हणाले. "मले काय झालं?"

"काही नाही बाबा... तुमी बसा..."

सगळं मिळून सहा मिनिटांचं आहे. शेवटची वीस सेकंदं उरली, तेव्हा श्वासामागे कुणी बाई रडायला लागली. मी घाबरून ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुपारपासून हेच करतेय. डॉक्टरांना बोलावलं, ते छाती तपासून "सब ठीक है" म्हणून गेले. त्यांना काय सांगणार? माझा हात आता बधिर झालाय, डोळे मिटताहेत. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

आता जरा वेळ तुम्ही सांभाळा. संपत आलं की मागे घ्यायचं, एवढंच काम. थांबवायचं मात्र नाही.

आणखी एक सांगते... ती बाई आता चौथ्या मिनिटालाच रडायला लागते. आवाज माझा आहे. मघाशी तिचे शब्दही कळले. "देवीदासभाऊ, तुमाले सांगतलं होतं ना, थांबवू नका म्हणून..."

तेव्हा तुम्ही अजून आलाही नव्हता.