काळ्या रंगाखालचा माणूस

कॉपी करायला बसवते तेव्हा मी तुम्हाला एकच बजावते, दिसतं तेवढंच काढा. खालचं उकरू नका. का, ते आज सांगते. पटलं नाही तर दार उघडं आहे. मी कुठल्या कॉलेजात चित्रकला शिकले नाही, तशी थापा मारायलाही शिकले नाही.

माझा धाकटा दीर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चाळिशी उलटली तरी डोक्यात एकच खूळ, तेलरंगात माणसं काढायची. तेवढ्यात संग्रहालयाच्या कार्यशाळेत एक जागा निघाली. अट अशी, की तिथल्या, एका थोर चित्रकारानं काढलेल्या व्यक्तिचित्राची हुबेहूब नक्कल करून द्यायची. वयात बसणारी ही शेवटचीच संधी.

चित्र साधं. खुर्चीत बाई, मागे काळोख. हनुवटी जरा वर, नजर तिरकी, घाबरलेली. त्याला सगळं उतरलं, नजर उतरेना.

"वहिनी, डोळे जमलेत, पण बघत नाहीत."

"मग चष्मा काढ तिला," मी म्हटलं.

चित्र द्यायच्या आदल्या दिवशी त्यानं मूळ चित्रावर टॉर्च आडवा धरला. काळ्या रंगाखाली जाड उंचवटे दिसले. खुर्चीमागे कुणीतरी उभं होतं. काढलेलं, आणि मग बुजवलेलं.

"बुजवलाय ना, मग राहू दे की बुजलेला."

"तो असल्याशिवाय ती बघणार कुणाकडे, वहिनी? आधी त्याला काढतो, मग झाकतो."

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्री एक चाळीसला, स्वतःच्या घरी, त्यानं नकलेत तो माणूस काढून संपवला. मग बाईच्या डोळ्यांत दोन फटकारे. नजर आली. त्यानं बायकोला उठवलं. ती स्टुलावर येऊन बसली.

"जमली बाई एकदाची. मला वाटलं, ही सवत आता इथंच राहणार." मग ती थांबली. "हा कोण हो मागं?"

"कुणी नाही. झाकतोच आता."

काळा रंग लावला. चेहरा वर आला. पुन्हा लावला. पुन्हा आला.

काय म्हणालास? ओला थर वर येतोच? गप. ओल्यावर ओला लावला की चिखल होतो. चेहरा होत नाही.

ट्यूब संपत आली. शेवटचा हात फिरवला... आणि चेहरा गेला. काळोख सपाट. रिकामा.

त्याला हायसं वाटलं. मग बाईकडे लक्ष गेलं. ती आता समोर बघत होती. निवांत.

"अगं, बघितलंस?"

त्यानं ब्रश पुसला.

"अगं..."

तो वळला. बायको स्टुलावर ताठ. हनुवटी जरा वर. नजर तिरकी.

ती बघत होती तिकडे त्यानं बघितलं नाही. सकाळी मला हे सांगतानाही मान वर केली नाही.

चित्र दिलं. परीक्षक म्हणाले, हात सुंदर आहे, नजर चुकली. जागा दुसऱ्याला गेली. त्यानंतर त्यानं ब्रश धरला नाही.

जाऊ बरी आहे. कामं करते, हसते, मला टोमणे मारते. फक्त बसली की... तशी बसते.

तीस वर्षांत त्यांनी तीन घरं बदलली. गेल्या रविवारी मी त्यांचं नवं घर बघायला गेले. जाऊ खुर्चीत बसली होती. खुर्चीमागे नव्या कोऱ्या फरशीवर दोन काळे डाग. पावलांएवढे.

वाकून बोट लावलं. वास घेतला.

तेलरंग. ओला.