टायर तपासायला पाच मिनिटं

"ओ ड्रायव्हरदादा, गाडी थांबवा... आत्ताच्या आत्ता!"

दाम्यानशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. पहिल्याच भेटीत तू मला दादा म्हणालीस, हे तो अजूनही ऐकवतो.

फेब्रुवारी होता. झ्रेन्यानिनहून बेलग्रेडला जाणारी सकाळची बस, बाहेर दाट धुकं आणि माझ्या पोटात पीळ. जरा हवा घ्यावी म्हणून खिडकी उघडली, तर मागच्या सीटवरच्या आजी ओरडल्या, "लाव ती! वारा लागून मरू आम्ही!" मग माझ्याने राहवेना. उठले आणि थेट ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. काय दिसलं त्याला, देव जाणे! माइक उचलून म्हणाला, "मंडळी, मागच्या टायरचा आवाज येतोय. पंपावर पाच मिनिटं थांबतो."

मी स्वच्छतागृहाकडे पळतच सुटले. परत आले तर हा धडधाकट टायरला लाथा मारत उभा, आणि हातात चहाचा कागदी पेला.

"घ्या. कॅमोमाइलच्या फुलांचा आहे, पोटाला बरा."

आमच्याकडे सर्बियात निरोगी माणूस कॉफी पितो, चहा आजाऱ्याला देतात. माझं डोकंच फिरलं. "मी काही आजारी नाहीये! चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेमा आणायला चाललेय."

"बरं," तो गालातल्या गालात हसला. "मग टायरला पाजतो."

मी पेला हिसकावून घेतला.

फ्रेमा कसल्या आणि काय! मी चालले होते इस्पितळात, शिरेतून औषध घ्यायला. क्रोन नावाचा आजार. आतड्याला सूज येते, जखमा होतात, बऱ्या होतात आणि पुन्हा होतात. आधी ज्याच्याशी जमलं होतं, त्या मुलाला मी खरं सांगितलं होतं, तर तो "काळजी घे हं" म्हणून जो गेला, तो गेलाच. तेव्हापासून मी तोंड शिवून घेतलं होतं.

दुसरी खेप पंधरा दिवसांनी होती, तिसरी त्यानंतर महिन्याने, मग दर आठ आठवड्यांनी. प्रत्येक खेपेला दाम्यानच्या टायरचा आवाज त्याच पंपापाशी येई. आणि मधल्या दिवसांत त्याच्या गॉगलचा स्क्रू सैल होई आणि तो आमच्या दुकानात येई... आठवड्यातून दोनदा!

"स्क्रू गॉगलचा सैल आहे की तुझा?" एकदा मी विचारलंच.

"तूच बघ ना नीट. जवळून बघ."

स्क्रूड्रायव्हर हातातून पडला माझ्या. गाढव कुठला!

नोव्हेंबरात तो म्हणाला, "आमच्या घरच्या संताचा दिवस आहे, सेंट दिमित्रीचा. येशील?"

ह्या सणाला, म्हणजे स्लावाला, आमच्याकडे कुणी बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो. मुलाने मुलीला आपणहून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मला आनंद झाला, पण त्याच क्षणी दारातलं ते ताट आठवलं. दारातच उकडलेले गहू आणि अक्रोड कालवलेलं ताट पुढे येतं. छातीवर क्रॉसची खूण करायची, चमचाभर खायचं, मगच आत. नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या संताचा आणि घरच्या मेलेल्या माणसांचाही अपमान. आणि जुन्या जखमेने माझं आतडं एका जागी अरुंद झालंय. मागच्या वर्षी अक्रोडाच्या एका केकपायी मी चार दिवस इस्पितळात होते. खावं तर जीव धोक्यात, न खावं तर दाम्यान जाईल.

दारात त्याची आई रुझाकाकू ताट घेऊन उभ्या. मागे दाम्यान नव्या शर्टात, त्याच्या मागे सिगारेट ओढणारे काका. मी क्रॉस केला, चमचा भरला, ओठांपर्यंत नेला... आणि खाली ठेवला.

"काकू, मला हे चालत नाही. मला क्रोन आहे."

क्षणात सगळेच डॉक्टर झाले.

"वारा लागला असेल!"

"अनवाणी फिरते वाटतं."

"छे, टेन्शन! सगळं टेन्शनने होतं. रोज सकाळी घरच्या दारूचा, राकियाचा, एक घोट घे पोरी," हे काकांचं औषध.

माझी तर सटकलीच. "वारा नाही, पाय नाहीत! नक्की कारण डॉक्टरांनाही माहीत नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं आतड्यातल्या जंतूंचं बिनसतं, आणि शरीराचे पहारेकरी आपल्याच घरावर काठ्या चालवतात. सिगारेटने वाढतं, काका! बेलग्रेडला शिरेतून घेते ते औषध पहारेकऱ्यांना शांत करतं, आणि मला ते लागू पडलंय. मे महिन्यापासून मला वाटेत थांबावंही लागत नाही!"

"मे महिन्यापासून?" दाम्यान पुढे आला. "मग मी टायर कशाला तपासत होतो?"

मेले! कान तापले माझे. "चहासाठी," मी पुटपुटले. "म्हणजे... चहावाल्यासाठी."

काका हसता हसता खोकू लागले. रुझाकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ताटातून गव्हाचा एकच दाणा उचलला, बोटांनी त्याचं साल काढलं, चेचला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"संत भावाचा भुकेला असतो पोरी. एवढा चालेल?"

मी मान हलवली. दाणा तोंडात टाकला.

"चल मग आत. सूप बिनमसाल्याचं आहे. ह्याने आठवडाभर डोकं खाल्लंय माझं, तिला तिखट नको म्हणून."

म्हणजे माझं पोट नाजूक आहे हे ह्याला पहिल्यापासून कळलं होतं! मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

पुढच्या खेपेला बस पंपाजवळ आली, तरी वेग कमी होईना. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

"थांबव ना."

"गरज आहे?" आरशात त्याचे डोळे हसले.

"पोटाला नाही."

त्याने गाडी वळवली. मागून त्याच आजींचा आवाज आला, "पुन्हा टायर का रे?"

दाम्यानने माइक उचलला. "नाही आजी, टायर ठणठणीत आहे. मला हिला... लग्नाचं विचारायचंय. पाच मिनिटं लागतील."

"विचार बाबा, विचार! पण दार लावून घे, वारा येतोय!"

पाच मिनिटं लागलीच नाहीत. मी पायरीवरच हो म्हणून टाकलं.